रापली की भाजली?

उन्हातून कोणी घरी आले की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते. ‘अगबाई, किती काळी पडलीस!’ मुलगा असला तर ‘काळाठिक्कर पडलास की रे!’ त्याच्या पुढचे वाक्य बहुधा डाळीच्या पिठाविषयी असते. ‘दुखतंय का?’ हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला येतो, आणि पुष्कळ घरांत तो येतच नाही.

मराठीला शब्दांचा तोटा आहे असे मुळीच नाही. अनवाणी चालले तर पाय पोळतात, तव्याला बोट लागले तर चटका बसतो, वाफेने हात भाजतो. पण तेच ऊन चार तास पाठीवर घेतले तर पाठ ‘रापते’ आणि तोंड ‘काळवंडते’. म्हणजे पायाला झाली ती इजा, आणि तोंडाला झाला तो नुसता रंगाचा बदल! ‘ऊन लागणे’ हा आणखी एक शब्द आहे, पण ते दुखणे निराळे. त्यात सगळे अंग तापते, डोके गरगरते, ओकाऱ्या होतात, माणूस बरळू लागतो आणि प्रसंगी जिवावर बेतते. तिथे घरगुती उपचार करीत न बसता अंगावर पाणी ओतत रुग्णालय गाठायचे असते. मी आज लिहिते आहे ते नुसत्या कातडीच्या भाजण्याविषयी. ते भाजणेच आहे हे आपल्याला पटत नाही, आणि पटत नाही म्हणूनच आपण त्याच्यावर नाही नाही ते चोळतो.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत शास्त्र शिकवले, तेव्हा थोडे शिक्षकी वळण या लेखाला येणारच. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

१८०१ साली जर्मनीत योहान विल्हेल्म रिटर नावाच्या एका शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि प्रकाशाने काळा पडणारा चांदीचा एक क्षार त्या पट्ट्यात निरनिराळ्या जागी ठेवून पाहिला. गंमत अशी, की क्षार सर्वांत भरभर काळा झाला तो जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते! हेच आपले अतिनील किरण. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि कातडीला गरमही लागत नाहीत. ही दुसरी गोष्ट नीट ध्यानात धरली पाहिजे. आपल्याला उन्हाचा ताप जाणवतो तो निराळ्या किरणांचा. म्हणून गार वारा सुटलेला असला, ढगांचा पातळ पडदा असला, किंवा आपण पाण्यात डुंबत असलो, तरी कातडी बिनबोभाट भाजत असते. तिथे चटका बसत नाही, म्हणून माणूस उठून सावलीत जात नाही. लाली आणि आग सुरू होते ती तीन-चार तासांनंतर, घरी परतल्यावर, आणि कळस होतो तो बारा ते चोवीस तासांनी. तोवर सहलीचे फोटोदेखील पाहून झालेले असतात.

आत काय होते? हे किरण कातडीच्या पेशींतल्या जनुकद्रव्यालाच इजा करतात. शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवते, त्याने लाली नि सूज येते. दुरुस्त न होण्याजोग्या पेशी स्वतःहून मरतात आणि चार-आठ दिवसांनी पापुद्रे होऊन गळतात. ‘साल निघाली’ म्हणतो ती हीच. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. त्याने थोडेफार संरक्षण मिळते हे खरे. पण थोडेफारच. शिवाय गोऱ्या अंगावर लाली लगेच दिसते, तशी आपल्या अंगावर दिसत नाही. सावळी कातडी भाजली की ती गरम लागते, ताणल्यासारखी होते, साडीचा पदर लागला तरी हुळहुळते, मग खाज सुटते. या गोष्टी विचारल्याशिवाय कळत नाहीत. रंग तेवढा न विचारता दिसतो. आपले सारे लक्ष रंगाकडे जाते त्याचे निम्मे कारण हे असावे. उरलेले निम्मे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे!

२०१६ सालच्या दिवाळीची गोष्ट सांगते. माझी पुतणी तेव्हा चोवीस वर्षांची. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पुण्याहून ताम्हिणी घाटाने दिवेआगरला गेली. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत समुद्रात आणि वाळूत. रात्री घरी आली ती खांदे उचलून चालत. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक, कपाळ, मानेची मागची बाजू आणि दोन्ही खांदे तापलेल्या तव्यासारखे झाले होते. आणि भाऊबीजेनंतरच्या रविवारी तिला पाहायला मंडळी यायची होती.

घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. मग एकदम सगळ्यांनाच उपाय सुचू लागले. जाऊबाईंनी लिंबू चिरले, साय काढली, डाळीचे पीठ कालवले. शेजारच्या काकूंनी मुलतानी माती पाठवून दिली. धाकट्या पुतण्याने मोबाइलवर पाहून टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा सुचवला. भाऊजींनी फ्रिजमधून बर्फाचा ट्रे आणून टेबलावर आपटला. पोरीला कोणी काही विचारले नाही. लिंबाचा पहिला थेंब नाकाला लागला मात्र, आणि ती किंचाळली, ‘काकू, आग होतेय गं!’ मी तिला हाताला धरून सरळ न्हाणीघरात नेले.

भाजल्यावर पहिला उपाय पाणी. दुसराही पाणीच. हे इतके साधे आहे की कोणाला उपाय वाटतच नाही. पाणी गार हवे, बर्फाचे नको. आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी चहाच्या आधणासारखे येते, ते कामाचे नाही. बादलीत माठातले पाणी मिसळावे. अंगावरून दहा-पंधरा मिनिटे पाणी घ्यावे, साबण लावू नये, आणि पंचाने खसाखसा न पुसता नुसते टिपून घ्यावे. तोंडाला आणि मानेला जुन्या धुवट मलमलीच्या घड्या पाण्यात पिळून ठेवाव्यात, तापल्या की बदलाव्यात. दिवसातून चार-पाच वेळा हे करावे. फ्रिजमधल्या दुधात भिजवलेल्या घड्याही बऱ्या वाटतात. नंतर तेवढे अंग पाण्याने धुऊन टाकावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत वासाने जवळ कोणी बसणार नाही. दह्याचेही तसेच. गार लागते, धुऊन टाकले तर बाधत नाही.

बर्फ थेट लावला तर भाजलेल्या कातडीला वरून थंडीची इजा होते. जागा बधिर झालेली असते, म्हणून ती कळत नाही. तुपाचे किंवा व्हॅसलिनचे जाड थर पहिल्या दिवशी उष्णता आतच कोंडतात. टूथपेस्ट दातांसाठी असते. खाण्याचा सोडा ढोकळ्यासाठी असतो. डाळीचे पीठ आणि मुलतानी माती वाळताना कातडीतला उरलासुरला ओलावा शोषून घेतात, आणि ती काढण्यासाठी चोळले की भाजलेल्या जागेचे सालटे निघते. चंदनाला माझा विरोध नाही. सहाणेवर उगाळलेल्या गंधाचा पातळ लेप क्षणभर फार सुखाचा असतो, पण तो वाळून ओढू लागायच्या आत धुवावा, आणि कोणाकोणाला चंदनाचीही खाज सुटते. बाजारच्या पुडीत चंदन किती आणि काय काय मिसळलेले, हा भाग आणखी निराळा.

लिंबाचे मात्र दोन शब्द जास्त सांगायला हवेत. लिंबाच्या रसात आणि सालीत असे एक द्रव्य असते, की ते अंगावर असताना ऊन पडले तर चांगल्या कातडीवरही फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. ते महिने महिने जात नाहीत. गावाला उन्हात बसून सरबतासाठी पंधरा-वीस लिंबे पिळणाऱ्या बाईच्या हातांवर असे डाग पडू शकतात. गोरे करण्यासाठी जे लावायचे, त्यानेच काळे डाग पडायचे, असा हा उफराटा व्यवहार आहे.

आता कोरफड. ती आमच्या ग्यालरीत डालड्याच्या जुन्या डब्यात अनेक वर्षे आहे. तिने भाजलेली कातडी लवकर भरते असे छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही, पण ती थंडावा देते आणि ओलावा धरून ठेवते, एवढे पुरेसे आहे. फक्त पान कापल्याबरोबर अंगाला घासू नये. सालीखालून एक पिवळा, कडू चीक येतो. हाच आटवून वाळवला की काळा बोळ होतो, जो आजीबाईच्या बटव्यात असायचा. त्या चिकाने कातडीची आग होते. म्हणून पान कापून पेल्यात उभे करून ठेवावे, चीक निथळू द्यावा, मग साल काढून आतला काचेसारखा गर स्वच्छ धुवावा. तोही आधी मनगटावर लावून पाहावा, आणि मग ओलसर अंगावर हलक्या हाताने लावावा. कोरफड नसली तर औषधाच्या दुकानातले गुलाबी कॅलामाइन चालते, किंवा साधे, बिनवासाचे मलम. वासाची गुलाबपाण्याची बाटली नको, तिने झोंबते.

पोटातही पाणी गेले पाहिजे. भाजलेली कातडी ओलावा धरू शकत नाही. ताक, कोकम सरबत, शहाळे, नुसते पाणी, काहीही चालेल. दिवाळीच्या दिवसांत चिवडा नि शेवेच्या मागोमाग चहाच घेतला जातो, म्हणून मुद्दाम सांगितले. ठणका फार असला तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची गोळी वेष्टनावर लिहिलेल्या मानाने घ्यावी. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

पुतणीच्या उजव्या खांद्यावर संध्याकाळी दोन फोड आले. मी ते फोडू दिले नाहीत. फोडाची कातडी ही निसर्गाने बांधलेली पट्टी आहे. ती फाडली की आत जंतू शिरतात. पण फोड पाहून जाऊबाई प्रथमच घाबरल्या, आणि मला वाटते, त्याच वेळी त्यांना हे प्रकरण रंगाचे नाही हे उमगले. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आणले. त्यांनीही पाणी, मलम आणि विश्रांती एवढेच सांगितले. फोड मोठ्या भागावर पसरले, ताप भरला, थंडी वाजू लागली, ओकाऱ्या झाल्या, डोळे सुजले, फोडांतून पू येऊ लागला, किंवा वर्षाच्या आतले मूल भाजले, तर मात्र घरचे उपाय बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचे. त्यात चर्चेला जागा नाही.

रात्री नवाच पेच उभा राहिला. पहाटे नरकचतुर्दशी! म्हणजे तेलाचे रगडणे, उटण्याचे चोळणे आणि कढत पाणी. भाजलेल्या कातडीला वाईट अशा तीन गोष्टी शोधून काढायच्या म्हटल्या तर याहून चांगली यादी मिळणार नाही. आणि आंघोळ टाळावी तर सासूबाई नरकाची भीती घालणार. त्यांचे वय तेव्हा ब्याऐंशी. मी सगळे समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, ‘सूर्य उगवायच्या आत न्हावं असं सांगितलंय. पाणी कढतच हवं असं कुठं सांगितलंय?’ पहाटे त्यांनी स्वतः तिच्या तळपायांना तेलाचे बोट लावले, तळपायांनाच उटणे लावले, आणि डोक्यावरून गार पाण्याचे चार तांबे घातले. कारीट फोडायला तर पायाचा अंगठा लागतो, पाठीचा काही संबंधच नाही. पोरगी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

रविवारपर्यंत नाकाची साल निघत होती. मंडळी आली तेव्हा नाकावर दोन पापुद्रे होतेच. जाऊबाईंनी पावडर पुढे केली, ती पुतणीने बाजूला सारली. मुलाच्या आईने विचारले, ‘नाकाला काय झालं गं?’ हिने सांगितले, ‘समुद्रावर भाजलं.’ ‘काळी पडले’ म्हणाली नाही. ते स्थळ पुढे जमले नाही, पण ते मुलाच्या परगावच्या नोकरीवरून. नाकावरून नव्हे, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण आमच्या शेजारच्या काकूंना ते आजतागायत पटलेले नाही.

साल निघू लागली की ती ओढून काढायचा मोह आवरत नाही. काढू नये, खालची कातडी कोवळी असते. या वेळी, म्हणजे अंगातली आग पूर्ण शमल्यावर, खोबरेल तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही. खाजेला त्याने आराम पडतो. काळसरपणा राहिला तर तो आपोआप उतरतो, पण त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. या मधल्या काळातच माणसाचा धीर सुटतो आणि तो औषधाच्या दुकानातून कोणीतरी सांगितलेली गोरेपणाची ट्यूब आणतो. अशा काही ट्यूबांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येते, आणि उन्हात जरा गेले तरी आग होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असले काही तोंडाला लावू नये. १९७५ पासून आपल्या घराघरांत गेलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातला ‘फेअर’ २०२० साली गेला. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षे लागली, तेव्हा आपल्या तोंडातले पहिले वाक्य बदलायला किती लागतील याचा हिशेब मी करीत नाही.

युरोपातले पांढरे पाहुणे गोव्याच्या किनाऱ्यावर सावळे होण्यासाठी तासन् तास उलथेपालथे होऊन भाजून घेतात, हे पाहून आपल्याला हसू येते. त्यांनीही रंगाकडे पाहिले, भाजण्याकडे नाही. त्यांच्या कातडीला त्यापायी कर्करोगाचा धोका फार. आपल्याला तो पुष्कळ कमी आहे, पण मुळीच नाही असे नाही. आणि ज्यांच्या अंगावर कोड आहे त्यांनी तर फारच जपले पाहिजे. त्या पांढऱ्या जागी रंगद्रव्य नसल्यामुळे थोड्या उन्हातही ती जागा भाजते. अशा मुलीला पूर्ण बाह्या घाल म्हणताना लोक ‘झाकण्यासाठी’ म्हणतात. सावलीसाठी म्हणावे. मुरुमांवर देतात ती डॉक्सीसायक्लिन आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या यांनीही कातडी लवकर भाजते. अशी औषधे चालू असली तर सहलीच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

दिवाळीच्या सुटीत आपली मंडळी कोकणात जातात, नाहीतर मनालीला. दोन्हीकडे डोक्यावरच्या उन्हाइतकेच खालचे ऊन फसवे. कोरडी वाळू सुमारे पंधरा टक्के अतिनील किरण परत वर फेकते, समुद्राचा फेस पंचवीस टक्के, आणि ताजे बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत! शिवाय दर हजार मीटर उंचीला हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. रोहतांग खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर आहे. तिथे स्वेटर घालून कुडकुडणारा माणूस हनुवटीखाली भाजून परत येतो आणि ‘थंडीने तोंड फुटले’ म्हणतो.

किती ऊन फार, हे ओळखायची शाळेतली एक युक्ती सांगते. उभे राहून आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असली तर ऊन भाजणारे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्या-मुंबईकडे हे साधारण दहापासून अडीचपर्यंत चालते. या वेळात टोपी, छत्री, पूर्ण बाह्या. मलम लावायचे तर एसपीएफ तीस किंवा वरचे, चेहरा आणि मान यांना मिळून दोन बोटांवर मावेल इतके, आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून वर आल्यावर पुन्हा. सकाळी वाटाण्याएवढे लावून दिवसभर निश्चिंत राहणाऱ्यांचे पैसे फुकट जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम नको, सावलीच द्यावी. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली डोक्यापासून हातापर्यंत स्कार्फ नि मोजे चढवतात, त्यांची आपण थट्टा करतो. निदान त्यांचे हात भाजत नाहीत.

आणि अंगणात किल्ला करणारी मुले! दगड, माती, गोणपाट, मावळे यांत सकाळपासून जी वाकलेली असतात, ती दुपारी जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. त्यांची मान आणि कानांच्या पाळ्या भाजतात, कारण तिथे टोपीची सावली पडत नाही. गळ्याभोवती ओला पंचा बांधून द्यावा. शिवाजी महाराजांचे मावळे झाल्यासारखे वाटून मुले तो काढतही नाहीत. इतके करूनही एखाद्याची मान पोळलीच, तर पहाटे त्याच्या वाटणीचे उटणे डब्यात घट्ट झाकण लावून ठेवावे. तुळशीच्या लग्नापर्यंत कातडी नवी होते, तेव्हा खुशाल लावावे.